दूरचे स्टेशन कसे लागते: सिलोनच्या लघुलहरींपासून उपग्रहाच्या छत्रीपर्यंत

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि थोड्याच काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि बुधवारी रात्री आठ वाजता तोच आवाज सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर आकाशमार्गे कापून पुन्हा मुंबईच्या चाळींत उतरे. श्रोते तिकडे वळले ते वळलेच, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

या हकिगतीची राजकीय बाजू पुष्कळदा सांगितली जाते. भौतिकशास्त्राची बाजू मात्र क्वचितच कोणी सांगतो. रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणेच सरळ रेषेत जातात, पृथ्वी गोल आहे, आणि कोलंबो मुंबईच्या क्षितिजाच्या बरेच खाली आहे. सरळ रेषेचाच नियम पाळायचा तर कोलंबोहून निघालेली लहर मुंबईच्या डोक्यावरून कितीतरी उंचावरून अवकाशात निघून जायला हवी होती. ती तशी गेली नाही, ती परत खाली आली. ती का आली, केव्हा येते आणि केव्हा येत नाही, हे समजून घेत दूरवरची स्टेशने शोधण्याच्या छंदाला जगभर डीएक्सिंग म्हणतात. पुढे याच मंडळींपैकी अनेकांनी गच्चीवर डिश बसवून परदेशी उपग्रहवाहिन्या धरायला सुरुवात केली, आणि तोही याच छंदाचा भाग मानला जातो.

वरवर पाहता ही दोन्ही कामे सारखीच वाटतात, परंतु माझ्या मते त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्ट वेव्हवर, साधे यंत्र चालते, पण आकाश रोज बदलते; उपग्रहाच्या बाबतीत आकाश जवळजवळ स्थिर असते, पण यंत्र अंशाअंशाने जुळवावे लागते. पहिल्यात हवामान पाहणाऱ्याची चिकाटी लागते, तर दुसऱ्यात भूमापन करणाऱ्याची. एकच माणूस आयुष्यभर दोन्ही करीत राहतो याचे कारण बहुधा हेच असावे की एकाचा कंटाळा आला की दुसरे हाताशी असते.

लहर, मीटर आणि मेगाहर्ट्झ

जुन्या रेडिओच्या तबकडीवर २५, ३१, ४१, ४९ असे आकडे असत. ते मीटरमधील तरंगलांबीचे, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराचे आकडे होत. लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जाते, त्यामुळे ३०० ला मीटरने भागले की मेगाहर्ट्झमधील वारंवारता मिळते, आणि ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओची घोषणा ‘४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातील कुठल्यातरी ठिकाणाहून’ अशा अर्थाची असे. भागाकार केला तर हे स्टेशन ७.०९ मेगाहर्ट्झच्या आसपास होते हे लगेच कळते. पोलिसांपासून लपण्यासाठी जागा सतत बदलावी लागे, पण तरंगलांबी उघडपणे सांगावी लागे. ती सांगितली नाही तर ऐकणारा काटा फिरवणार तरी कुठे?

मध्यमलहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, साधारणपणे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये असतात. आशिया आणि युरोपात येथील स्टेशने नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत आणि प्रत्येक वारंवारता नऊच्या पटीत असते. त्यामुळे आकड्यांची बेरीज करून पाहिली तर गंमत दिसते: मुंबईचे ५५८ आणि १०४४, पुण्याचे ७९२, नागपूरचे ५८५, सर्वांची बेरीज नऊ किंवा अठरा येते. अमेरिकेत हेच अंतर दहा किलोहर्ट्झचे आहे. म्हणून रात्री आपल्या एखाद्या स्टेशनच्या मागे किंचित वेगळ्या वारंवारतेवर कोणीतरी पुटपुटत असल्याचा भास झाला तर अनुभवी श्रोता लगेच कान टवकारतो.

आकाशातील आरसा आणि त्याच्या वेळा

मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या पोल्ढूहून निघालेला संदेश अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा ते गणिताच्या दृष्टीने अशक्यच होते. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवले की वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतवाहक थर असला पाहिजे. या भागाला आपण आयनांबर म्हणतो. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण तेथील विरळ हवेच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि हे सुटे इलेक्ट्रॉन वर जाणाऱ्या लहरीला हळूहळू वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडतात.

आयनांबरात थर आहेत, आणि डीएक्सिंगचे निम्मे शास्त्र या थरांच्या भांडणात आहे. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर लहर परतवण्याऐवजी ती शोषून घेतो. वारंवारता जितकी कमी, तितके हे शोषण अधिक. त्याच्या वर ई थर असतो, आणि साधारण दीडशे किलोमीटरपासून तीन-चारशे किलोमीटरपर्यंत एफ थर. लांब पल्ल्याचे खरे काम हा एफ थर करतो. त्याच्यावरून एकदा परतलेली लहर साडेतीन हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ती जमिनीवरून किंवा समुद्रावरून पुन्हा उसळली तर तिला दुसरी, तिसरी उडी घेता येते. कोलंबो ते मुंबई हा प्रवास एकाच उडीचा आहे, म्हणूनच सिलोन इतके स्वच्छ लागत असे; त्यामागे दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी सिलोनमधील एकाला या गावी उभारलेला १०० किलोवॅटचा प्रक्षेपकही होता, पण नुसत्या किलोवॅटने ते साधले नसते.

डी थराचे एक वैशिष्ट्य असे की तो सूर्याबरोबर येतो आणि सूर्याबरोबर जातो. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात तो जवळजवळ नाहीसा होतो, एफ थर मात्र रात्रभर टिकून राहतो. दिवसा पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ जमिनीलगत जेवढे पोहोचेल तेवढेच ऐकू येते. आकाशाकडे गेलेला भाग डी थर गिळून टाकतो. रात्री हाच भाग एफ थरापर्यंत पोहोचून शेकडो किलोमीटरवर उतरतो. आकाशवाणीने १९८८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी सुरू केली तेव्हा तिच्यासाठी नागपुरात १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक वापरला आणि ती वाहिनी रात्रीचीच ठेवली, त्यामागे हेच गणित होते.

लघुलहरींसाठी यावरून एक ढोबळ नियम निघतो: सूर्य वर तर मेगाहर्ट्झ वर, सूर्य खाली तर मेगाहर्ट्झ खाली. दुपारी १५, १७, २१ मेगाहर्ट्झ, म्हणजे १९, १६, १३ मीटर, हे पट्टे जिवंत असतात. रात्री इलेक्ट्रॉन कमी झाल्यावर एफ थर इतक्या उच्च वारंवारतेला वाकवू शकत नाही आणि ती लहर थर भेदून निघून जाते. मग ४१ आणि ४९ मीटरकडे वळावे लागते. सर्वांत मोलाची वेळ मात्र संधिप्रकाशाची असते. त्या अर्ध्या-पाऊण तासात खालचा शोषक थर गेलेला असतो आणि वरचा परतवणारा थर अजून भरलेला असतो. प्रक्षेपक आणि श्रोता दोघेही त्याच वेळी संधिप्रकाशाच्या रेषेवर असतील तर जगाच्या दुसऱ्या टोकाचे लहानसे स्टेशनही काही मिनिटांसाठी स्पष्ट ऐकू येते आणि मग विरते.

या उड्यांमुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते, जी नवख्याला सहज पटत नाही. जमिनीलगतची लघुलहर काही दहा किलोमीटरांत संपते, आणि आकाशातून परतलेली लहर शेकडो किलोमीटर पुढे उतरते. मधल्या पट्ट्यात स्टेशन ऐकूच येत नाही. गोव्यात पणजीजवळून आकाशवाणीच्या विदेश सेवेचे लघुलहरी प्रक्षेपण होत असे, ते समुद्रापलीकडील श्रोत्यांसाठी. जवळच्या जिल्ह्यांतील माणसाला ते नीट ऐकू आले नाही तर त्यात यंत्राचा काही दोष नव्हता. दूरचे लागते आणि जवळचे लागत नाही, असा हा उलटा न्याय आहे.

आवाज मध्येच दाटतो आणि मध्येच बुडतो, याचेही कारण सांगितले पाहिजे. एकच लहर दोन वेगळ्या वाटांनी येते, एक एका उडीत आणि दुसरी दोन उड्यांत, किंवा थराच्या थोड्या वेगळ्या उंचीवरून. दोन्ही लहरींची शिखरे जुळली तर आवाज वाढतो, एकीचे शिखर दुसरीच्या दरीवर आले तर दोन्ही एकमेकींना मारतात. थर सतत हलत असल्यामुळे हे जुळणे-मोडणे चालूच राहते. ज्याला आपण ‘लाटा येतात’ म्हणत असू, तो हा प्रकार.

सूर्याचा अकरा वर्षांचा डागांचा फेराही येथे मोजावा लागतो. डाग वाढले की वरचे पट्टे खुलतात. अलीकडचा असा उच्चांक २०२४ च्या सुमारास होता. परंतु त्याच काळात सौरज्वालाही वाढतात. मोठी ज्वाला उसळली की साडेआठ मिनिटांच्या आत तिचे क्ष-किरण पृथ्वीच्या उजेडातील बाजूवर पोहोचतात, डी थर एकाएकी दाट होतो, आणि सगळ्या लघुलहरी एकदम मुक्या होतात. रेडिओ बिघडला म्हणून तो उघडून बसण्याआधी शेजारचे एफएम चालू आहे का ते पाहावे. एक-दोन दिवसांनी सूर्याकडून सुटलेला पदार्थही येऊन धडकला तर चुंबकीय वादळ होते आणि एफ थरही काही काळ विस्कटतो. अशा वादळांच्या नोंदींत मुंबईचे स्थान फार मोठे आहे. सप्टेंबर १८५९ मधील ज्ञात इतिहासातील सर्वांत तीव्र वादळांपैकी एकाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली, आणि जगभरचे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय उपकरणे अलिबागला हलवावी लागली. तेथील नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजतागायत चालू आहेत.

आयनांबराशी काहीही संबंध नसलेला आणखी एक मार्ग आहे, आणि तो कोकणकिनाऱ्याच्या खास वाट्याला आला आहे. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर थंड, दमट हवेच्या थरावर जमिनीकडून आलेली गरम, कोरडी हवा पसरते, आणि या दोन थरांच्या मध्ये एफएम, दूरचित्रवाणी आणि रडारच्या लहरी अडकून पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला सुमारे १,७०० मैलांवरील, म्हणजे २,७०० किलोमीटरवरील अरबस्तानच्या भूमीचे प्रतिध्वनी मिळाले होते, आणि लहरींच्या प्रसारणावरील तांत्रिक ग्रंथांत ते उदाहरण प्रसिद्ध आहे. पावसाळ्याआधीच्या आठवड्यांत रत्नागिरी-मालवणच्या बाजूला कार रेडिओवर अरबी गाणे लागले तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

ऐकले ते कशावरून?

दूरचे स्टेशन ऐकणे हा निम्मा भाग झाला. ते कोणते होते हे सिद्ध करणे हा उरलेला निम्मा. भाषा कळत नसते, आवाज खरखरीत असतो, आणि स्टेशन आपले नाव वरचेवर सांगत नाही. ते बहुधा तासाच्या ठोक्याला सांगते. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असल्यामुळे हा ठोका आपल्या घड्याळात अर्ध्या तासावर पडतो. म्हणून मुरलेला श्रोता सहा वाजता चहा घेतो आणि सहा पंचविसाला कानाला हेडफोन लावतो. सहा तीसच्या आधी एक-दोन मिनिटे अनेक केंद्रे आपली ओळखधून वाजवतात. आकाशवाणीची धून वॉल्टर काउफमान या मध्य युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराच्या नावावर आहे. रेडिओ ऑस्ट्रेलिया कूकाबुरा पक्ष्याचे खिदळणे ऐकवीत असे. भाषेचा गंध नसला तरी ही खूण पटते.

मग अहवाल लिहायचा. त्यात तारीख, जागतिक वेळ, वारंवारता, आपले यंत्र व एरियल, आणि पंधरा-वीस मिनिटांतील कार्यक्रमाचा तपशील देतात: अमुक वेळी स्त्रीनिवेदक, अमुक वेळी सतारीचा तुकडा, अमुक वेळी बातम्यांत तमुक शहराचे नाव. शिवाय पाच आकडी सिन्पो संकेत देतात. पहिला आकडा संदेशाच्या जोराचा, दुसरा इतर स्टेशनच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा आणि पाचवा एकूण ऐकण्याजोगेपणाचा. प्रत्येक एक ते पाचमध्ये, पाच म्हणजे उत्तम. ४३४३३ असे लिहिले की परदेशातील अभियंत्याला कळते की जोर चांगला होता, पण शेजारचे स्टेशन आत घुसत होते आणि आवाज हेलकावे खात होता. त्यामुळे त्याला खरोखर उपयोगाची माहिती मिळते, कारण प्रक्षेपकाजवळ बसून जळगावात कसे ऐकू येते हे त्याला कळणे शक्य नसते. अहवाल जुळला तर केंद्र क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची लेखी पोच, पाठवते. छंदी माणसाच्या कपाटातली ही कार्डे परदेशी तिकिटांमुळे सुंदर दिसतात खरी, पण त्यांचे खरे मोल दावा तपासला गेला यात आहे. कार्यक्रमाचा तपशील न देता ‘आपला कार्यक्रम फार आवडला’ एवढेच लिहून कार्ड मागणारे लोक कायम होते, आणि त्यांना कार्ड मिळालेही असेल. त्याला डीएक्सिंग म्हणता येत नाही.

छत्तीस हजार किलोमीटरवरचा गणिताचा तास

१९४५ साली आर्थर क्लार्क यांनी एका लेखात दाखवून दिले की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करील, आणि म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी थांबलेला दिसेल. तो थांबलेला दिसतो म्हणूनच डिश एकदा बसवून खिळवून ठेवता येते.

या छंदाच्या इतिहासातील सर्वांत मजेशीर प्रसंग भारताशी जोडलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून ‘साइट’ प्रयोग केला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचवले. ग्रहणासाठी जाळीच्या मोठ्या छत्र्या होत्या आणि वारंवारता ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. कोलंबोत राहणाऱ्या क्लार्क यांच्या घरी इस्रोने एक संच बसवून दिला. आणि तिकडे इंग्लंडमध्ये शेफील्डच्या स्टीफन बर्किल या अभियंत्याने घरी बनवलेल्या सामग्रीवर हेच भारतीय खेड्यांसाठीचे चित्र पकडले. उपग्रहाचा झोत भारताकडे होता. इंग्लंडवर सांडला तो झोताच्या कडेचा अगदी दुबळा अंश, आणि त्या अंशातून चित्र काढून दाखवणे हे उपग्रह-डीएक्सिंगचे सार आहे.

उपग्रहावरचा एक प्रक्षेपक काही दहा ते दीडशे वॅटच्या घरातला असतो, आणि ही शक्ती ३६,००० किलोमीटरवरून अर्ध्या खंडावर पसरते. पावसाचे पाणी धरायला तोंड रुंद असलेले भांडे लागते, तसेच हे आहे: व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ, आणि म्हणून गोळा होणारी शक्ती, चौपट होते. मात्र डिशचा आकार तरंगलांबीशी बांधलेला असतो. उपग्रहवाहिन्या दोन वारंवारता-पट्ट्यांवर येतात: सी-बँडची लहर साधारण साडेसात सेंटिमीटरची आणि केयू-बँडची अडीच सेंटिमीटरची. त्यामुळे १.८ मीटरची सी-बँड डिश आणि ६० सेंटिमीटरची केयू-बँड डिश दोघींचा झोत सारखाच, सुमारे तीन अंश रुंद असतो. याच कारणाने जुनी सी-बँड छत्री जाळीची चालते, कारण जाळीची भोके लहरीच्या मानाने फारच लहान असतात, तर केयू-बँडला गुळगुळीत पत्रा लागतो आणि त्यातला लहानसा पोचाही महागात पडतो.

आता पुण्यातील एका गच्चीवर हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू. ९३.५ अंश पूर्व रेखांशावर भारतीय उपग्रह आहेत. दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा तिथूनच येते. पुण्याहून तो बिंदू उत्तरेपासून उजवीकडे मोजत सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच आहे. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फार तर एखाद्या अंशाचा फरक पडतो, तेव्हा साधे होकायंत्र चालते. फक्त ते लोखंडी खांबापासून चार हात दूर उभे राहून वाचावे. आधी उंची कोनमापकाने ठरवायची आणि मग डिश डावीकडून उजवीकडे केसाकेसाने सरकवायची. रिसीव्हरच्या पडद्यावरची जोराची पट्टी लवकर वर जाते, कारण एलएनबीला, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या लहर पकडणाऱ्या डबीला, नुसती वीज मिळाली तरी ती हलते. लक्ष ठेवायचे ते गुणवत्तेच्या पट्टीवर. ती शून्यावरून एकदम उसळली की थांबायचे, आणि तो उपग्रह हवा असलेलाच आहे की दोन-तीन अंशांवरचा शेजारी, हे वाहिन्यांच्या यादीवरून तपासायचे.

त्यानंतर राहतो तो एलएनबीचा पीळ, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लहर आडवी किंवा उभी अशा दोन ध्रुवणांत येते, आणि एकाच वारंवारतेवर दोन्हींत वेगळे कार्यक्रम असू शकतात; रिसीव्हर १३ किंवा १८ व्होल्ट देऊन त्यांपैकी एक निवडतो. परंतु उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसेल तर त्याचे ‘आडवे’ आपल्याला तिरपे दिसते. उपग्रहाचे ध्रुवण विषुववृत्ताला धरून असेल, तर भूमितीप्रमाणे पुण्यात ९३.५ अंशांसाठी हा तिरपेपणा ४५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे एलएनबी न फिरवता ठेवला तर दोन्ही ध्रुवणे निम्मी-निम्मी मिसळतात आणि काहीच धड लागत नाही. युरोपातील मार्गदर्शिका वाचून काम करणारे येथे फसतात, कारण विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हा कोन बराच लहान असतो.

एलएनबीचे दुसरे काम म्हणजे आलेली अतिउच्च वारंवारता केबलमधून नेता येईल इतकी खाली आणणे. सी-बँडच्या एलएनबीत ५,१५० मेगाहर्ट्झचा स्थिर आंदोलक, म्हणजे स्वतःची ठरावीक लहर निर्माण करणारे मंडल, असतो. ३,८४० मेगाहर्ट्झची वाहिनी आली की वजाबाकी होऊन उरलेली १,३१० मेगाहर्ट्झ केबलमधून खाली उतरते. रिसीव्हरमध्ये ही संख्या चुकीची भरली तर डिश अचूक असूनही पडदा काळाच राहतो.

महाराष्ट्रातून साधारण शून्य ते दीडशे अंश पूर्वेपर्यंतचे उपग्रह क्षितिजाच्या वर असतात. तरीही युरोपसाठीचे उपग्रह येथे लागत नाहीत, कारण त्यांचा झोत युरोपकडे वळलेला असतो. झोताच्या ठशाचे नकाशे प्रसिद्ध होतात, आणि त्यांतील शेवटच्या रेषेबाहेर काय सांडते ते शोधणे हाच छंदाचा कस असतो. जुन्या अ‍ॅनालॉग काळात दुबळे चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या सरीतून निदान ओळखता तरी येई. डिजिटलमध्ये उंबरठा असतो: त्याच्या वर चित्र स्वच्छ, किंचित खाली चौकोन-चौकोन, आणि आणखी थोडे खाली काहीच नाही. म्हणून आता डिशवाला माणूस एक डेसिबल वाचवण्यासाठी चांगली केबल आणि कमी खरखरीचा एलएनबी शोधत बसतो.

भारतात ही गच्चीवरची हालचाल खऱ्या अर्थाने १९९१-९२ मध्ये सुरू झाली, ती एशियासॅट-१ मुळे. हा उपग्रह वेस्टार-६ नावाने फेब्रुवारी १९८४ मध्ये सोडला गेला, चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी अंतराळवीरांनी तो डिस्कव्हरी यानातून परत आणला, आणि दुरुस्त होऊन ७ एप्रिल १९९० रोजी चिनी अग्निबाणाने पुन्हा वर गेला. स्टार आणि पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये झी या वाहिन्या त्यावरून आल्या, आणि गल्लोगल्ली केबलवाल्यांच्या छत्र्या उभ्या राहिल्या. छंदी लोकांना मात्र खरी गोडी वाहिन्यांपेक्षा फीडची. क्रिकेटच्या मैदानावरून किंवा परदेशी वार्ताहराकडून मुख्यालयाकडे जाणारे कच्चे चित्र कधीकधी खुले असते: जाहिरातीच्या जागी रिकामे मैदान, केस नीट करणारा वार्ताहर, एकही अक्षर नसलेला पडदा. कूटबद्ध वाहिन्या चोरून उघडणे हा गुन्हा आहे आणि त्याचा या छंदाशी संबंध नाही.

निसर्ग येथेही अधूनमधून हात दाखवतो. पावसाचे थेंब केयू-बँडची आखूड लहर सहज शोषतात, म्हणून जुलैत चित्र जाते. सी-बँडला पाऊस फारसा जाणवत नाही, आणि केबलच्या मुख्य केंद्रांवर मोठ्या छत्र्या टिकून आहेत त्याचे हे एक कारण. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य दिवसातून एकदा उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या खरखरीत काही मिनिटे सर्व बुडून जाते. तेवढ्या वेळात डिशवर एलएनबीची सावली बरोबर कुठे पडते ते पाहिले तर डिश किती अचूक बसली आहे याची फुकटात तपासणी होते.

आज काय उरले आहे

रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, तो काळ १९८०च्या दशकात संपला. आता ऐकायला परवाना लागत नाही, पण ऐकण्याजोगे कमी होत चालले आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरी जानेवारी २०१७ मध्ये आणि बीबीसी हिंदीच्या जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्या. त्याहून मोठा शत्रू मात्र घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांतील स्वस्त मंडले सगळ्या लघुलहरींवर खरखर पसरवतात. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत लोक विजेच्या नावाने खडे फोडत, त्याच वेळी सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरवर ४१ मीटर कधी नव्हे इतके स्वच्छ लागे. हे उघड बोलण्याची सोय नव्हती. आजही उपाय तोच आहे: घरातला मेन स्विच बंद करून पाहावा आणि खरखर गेली तर एकेक उपकरण सुरू करीत गुन्हेगार शोधावा. शहराबाहेर शेतावर दहा-पंधरा मीटर साधी तार झाडाला ताणली तर महागड्या रिसीव्हरपेक्षा अधिक फरक पडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला दोन्ही शाखा एकत्र पाहायच्या असतील तर २५.९ अंश पूर्वेवरील एसहेल-२ या कतारच्या उपग्रहाकडे वळावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावर हौशी रेडिओवाल्यांसाठी स्वतंत्र प्रक्षेपक आहे, त्याला क्यूओ-१०० म्हणतात, आणि आफ्रिका, युरोप, भारत येथील हौशी माणसे त्यावर एकमेकांशी बोलतात. बोलायला परवाना लागतो, ऐकायला नाही. खाली येणारी वारंवारता १०,४८९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. भारतीय डीटीएचसोबत येणाऱ्या एलएनबीतील आंदोलक बहुधा १०,६०० मेगाहर्ट्झचा असतो आणि तो येथे निरुपयोगी ठरतो. ९,७५० चा युनिव्हर्सल एलएनबी घ्यावा, म्हणजे वजाबाकी ७३९.५ येते आणि संगणकाला लावायच्या स्वस्त एसडीआर डोंगलवर, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणाऱ्या छोट्या रेडिओवर, ती ऐकता येते. डोंगल एलएनबीला वीज पुरवीत नाही, तिची सोय वेगळी करावी लागते. उन्हात एलएनबी तापला की वारंवारता सरकते आणि माणसांचे आवाज चढे-उतरे होतात, म्हणून पहिला प्रयत्न सायंकाळी करावा. पुण्याहून हा उपग्रह पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, सुमारे २५४ अंशांवर आणि ३२ अंश उंचीवर आहे. तेव्हा त्या बाजूला शेजारची इमारत आडवी येत नाही ना, हे डिश विकत घेण्याआधी गच्चीवर जाऊन पाहून घ्यावे.